प्रलयाची तारीख आणि रस्त्यावर मांडलेले कपडे

२१ मे २०११, शनिवार. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत त्या दिवशी फुटपाथवर माणसांचे कपडे दिसत होते. फेकलेले नाहीत, नीट मांडलेले. शर्टाची बटणं लावलेली, शर्ट पॅन्टमध्ये खोचलेला, पॅन्टचे पाय थेट बुटांपर्यंत आलेले आणि बुटांत मोजे तसेच. कुठे कॉलरच्या वर, डोकं असायला हवं तिथे, चष्मा ठेवलेला. माणूस तेवढा नाहीसा.

ही थट्टा होती. कोणाची आणि कशासाठी, हे कळायला आधीची हकीकत माहीत हवी. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात तेव्हा ‘फॅमिली रेडिओ’ नावाचं ख्रिस्ती प्रसारण केंद्र होतं. त्याचे प्रमुख हॅरॉल्ड कॅम्पिंग शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर. बायबलमधल्या आकड्यांची बेरीज-गुणाकार करून त्यांनी जाहीर केलं की २१ मे २०११ ला, ज्या त्या देशात संध्याकाळी सहा वाजता, खरे भाविक सदेह स्वर्गात उचलले जातील. मागे उरलेल्यांचे पाच महिने हाल होतील आणि २१ ऑक्टोबरला सगळं जग संपेल. याआधी त्यांनी १९९४ च्या सप्टेंबरची तारीख दिली होती, ती निघून गेली होती. या वेळी मात्र प्रचार फार मोठा झाला. हजारो जाहिरात फलक लागले, रंगवलेल्या गाड्या गावोगाव फिरल्या, कित्येकांनी नोकऱ्या सोडल्या आणि साठवलेला पैसा या प्रचारात घातला.

भाविक सदेह वर गेले तर मागे काय उरेल? कपडे. थट्टा करणाऱ्यांनी एवढाच धागा पकडला. फेसबुकवर कोणीतरी ‘भाविक गेल्यावर लुटालूट’ असा कार्यक्रम जाहीर केला आणि लाखाहून जास्त लोकांनी ‘आम्ही येणार’ म्हणून नाव नोंदवलं. न्यूझीलंडमध्ये घड्याळाचे सहा जवळजवळ सगळ्यांच्या आधी वाजणार, म्हणून जगभरचे लोक तिथल्यांना विचारत होते, ‘काय, आहात ना अजून?’ आणि तिकडून उत्तरं येत होती, ‘आहोत.’ सहाची वेळ एकेका देशातून पुढे सरकत गेली आणि थट्टाही तिच्या पाठोपाठ दिवसभर पृथ्वीभोवती फिरली.

अशी थट्टा इतक्या झपाट्याने का पसरते? मुख्य कारण म्हणजे तारीख. नुसतं ‘कलियुग आलंय, जग बुडणार’ असं कोणी म्हटलं तर त्यावर कोणी काही करत नाही. तारीख आणि वेळ दिली की लाखो अनोळखी माणसांना एकच मुहूर्त मिळतो. कोणी कोणाला बोलावत नाही, तरी सगळे एका वेळी जमतात. शिवाय सामान घरातच असतं. जुना शर्ट, जुने बूट, मोबाईलचा कॅमेरा. तयार झालेल्या फोटोला भाषा लागत नाही. तो न्यूयॉर्कमध्ये काढलेला असो की मनिलात, ज्याला भाकीत माहीत आहे त्याला तो एका नजरेत कळतो, आणि प्रत्येकाला आपल्या गल्लीतला एक फोटो त्यात जोडता येतो. विनोद ऐकून हसायचा असतो, ही थट्टा हाताने करायची असते. म्हणून ती विनोदापेक्षा लांब जाते.

आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यांत खरं वाटतं. ज्यांचा अजिबात विश्वास नाही त्यांच्याही मनात घड्याळ सहाकडे सरकताना बारीकशी कालवाकालव होते. चार माणसांत हसलं की ती जाते. रात्री स्मशानाजवळून जाताना पोरं मोठ्याने गाणी म्हणतात, तसंच हे.

इंटरनेटच्या फार आधीही हे सगळं होत होतं. १८०६ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एका कोंबडीच्या अंड्यांवर ‘ख्रिस्त येतो आहे’ अशी अक्षरं उमटू लागली. गर्दी लोटली, माणसं घाबरली, प्रार्थना करू लागली. मेरी बेटमन नावाची कोंबडीची मालकीण अंडं दाखवायचे पैसे घेत होती. तीच अंड्यांवर आम्लाने अक्षरं कोरून ती कोंबडीच्या पोटात परत घालत होती, हे पुढे उघड झालं. याच बाईला १८०९ मध्ये विष देऊन खून केल्याबद्दल फाशी झाली. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण थट्टा आणि फसवणूक यांच्यातली रेघ इथे स्वच्छ दिसते. कपडे मांडणाऱ्याला पैसे नको होते. त्याला पकडलं तरी त्याचं काही बिघडत नव्हतं, उलट लोकांनी ओळखावं अशीच त्याची इच्छा होती. अंडी कोरणारीचा धंदा मात्र कोणी ओळखत नाही तोवरच चालणार होता.

आपल्याकडे जुन्या पिढीला दोन तारखा पक्क्या आठवतात. १९६२ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला मकर राशीत आठ ग्रह जमले, ती अष्टग्रही. देशभर यज्ञ झाले, लोकांनी प्रवास टाळले, लग्नं पुढे ढकलली. दुसरी जुलै १९७९ ची. स्कायलॅब नावाची अमेरिकेची सुमारे ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा खाली येणार होती आणि कुठे पडेल ते नक्की सांगता येत नव्हतं. भर पावसाळ्यात कोकणातली माणसंही आभाळाकडे डोळे लावून होती. इकडे भीती होती तेव्हा अमेरिकेत लोक छातीवर नेमबाजीची वर्तुळं काढलेले शर्ट विकत घेत होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राने पहिला तुकडा आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलर लावले. ११ जुलैला तुकडे पडले ते ऑस्ट्रेलियात, एस्परन्स गावाच्या आसपास. तिथल्या एका सतरा वर्षांच्या मुलाने ते बक्षीस मिळवलं आणि गावच्या प्रशासनाने कचरा टाकल्याबद्दल ‘नासा’ला चारशे डॉलर दंड ठोठावला. तो दंड तीस वर्षांनी, २००९ मध्ये, एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. मला ही थट्टा सगळ्यांत आवडते. तिने कोणा घाबरलेल्या माणसाला हिणवलं नाही. ज्यांची वस्तू डोक्यावर पडत होती, त्यांनाच तिने जाब विचारला.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. थट्टा कशी करावी हे कोकणाला शिकवावं लागत नाही. २०१२ च्या डिसेंबरात, माया कालगणनेचा हवाला देऊन २१ तारखेला जग संपणार म्हणून टीव्हीवर रोज चर्चा चालली होती, तेव्हा सिंधुदुर्गात जत्रांचे दिवस होते. माया लोकांनी प्रलयाचं काही लिहून ठेवलेलं नव्हतं. त्यांच्या दीर्घ गणनेतलं सुमारे ५,१२५ वर्षांचं एक चक्र त्या दिवशी पुरं होऊन पुढचं सुरू होणार होतं, इतकंच. एका जत्रेत दशावताराच्या सुरुवातीला संकासुर आला. काळा वेष, लाल जीभ. गणपतीचं गाऱ्हाणं झाल्यावर तो थेट समोर बसलेल्या दुकानदाराकडे वळला आणि म्हणाला, ‘‘एकवीस तारखेक जग बुडतला म्हणतत. मगे बावीस तारखेक माझी उधारी कोण देतलो?’’ मांडवभर हशा झाला. आदल्या संध्याकाळी टीव्ही बघून रडलेली दोन पोरं आजीच्या मांडीवरून उठून हसायला लागली, ती मी पाहिली. वैज्ञानिक माहितीपत्रकाने झालं नसतं ते काम त्या एका वाक्याने केलं, कारण त्यातला प्रश्न खरा होता. तारखेवर खरंच विश्वास असेल तर दुसऱ्या दिवशीचे व्यवहार कसे काय चालू आहेत?

शिमग्याचंही तसंच. होळीच्या रात्री लाकडं पळवणं, दारात उभं राहून बोंबा मारणं, सोंगं घेऊन घरोघरी पोस्त मागणं. बाहेरच्या माणसाला हा धुडगूस वाटेल. आतून पाहिलं तर त्याला कडक शिस्त आहे. त्याचे दिवस ठरलेले असतात. त्याची जागा ठरलेली असते, गावाची वेस ओलांडून कोणी बोंब मारायला जात नाही. आणि सोंगाच्या आत कोण आहे हे गावाला ठाऊक असतं. चेहऱ्याला कितीही रंग लावला तरी हा अमक्याचा मुलगा, हे चालण्यावरून कळतं. ज्या घरी मयत झालंय तिथे सोंग जात नाही. कोणाला खरोखर लागलं, तर दुसऱ्या दिवशी मानकऱ्यांपुढे ते सांगता येतं.

इंटरनेटवर नेमक्या दिवस, जागा आणि ओळख या तीन गोष्टी गळून पडतात. २१ मे ला काढलेला कपड्यांचा फोटो २१ मे पुरता राहत नाही. तो वर्षानुवर्षं फिरतो आणि मधेच कधीतरी ‘अमुक शहरात माणसं अचानक गायब’ अशा मथळ्याखाली येतो. तो काढणारा कोण हे कोणाला माहीत नसतं आणि पाहणारा कुठल्या देशातला, किती वर्षांचा, कोणत्या मनःस्थितीत आहे, हे काढणाऱ्याला माहीत नसतं. शिमगा जातो आणि कवित्व राहतं म्हणतात. इथे ते कवित्व अशा लोकांपर्यंत पोचतं ज्यांनी शिमगा पाहिलेलाच नाही. त्यात एक जुनी अडचण भर घालते. लेखी मजकुरात टोकाची श्रद्धा आणि त्या श्रद्धेची नक्कल सारखीच दिसते, हसण्याची खूण सोबत नसेल तर ओळखता येत नाही. २००५ पासून हे निरीक्षण नेथन पो या माणसाच्या नावाने ‘पो यांचा नियम’ म्हणून सांगितलं जातं. प्रत्येक फॉरवर्डमध्ये पहिल्यांदा गळते ती ही हसण्याचीच खूण.

यातून काय होऊ शकतं ते २००८ मध्ये दिसलं. त्या वर्षी १० सप्टेंबरला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे अतिसूक्ष्म कण एकमेकांवर आदळवणारं प्रचंड यंत्र सुरू व्हायचं होतं. त्यातून कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळली जाईल, अशी हाकाटी झाली. इंटरनेटवर एक वेबसाइट निघाली, जिच्यावर एकच प्रश्न आणि एकच उत्तर होतं. या यंत्राने जग संपवलं का? नाही. प्रयोगशाळेच्या वाहनतळावर कृष्णविवर उघडून गाड्या आत ओढल्या जाताहेत, असं खोटं सीसीटीव्ही चित्रणही फिरलं. दोन्ही थट्टा निरागस होत्या. पण आपल्याकडे काही वाहिन्यांनी प्रलयाचे कार्यक्रम दिवसच्या दिवस चालवले आणि मध्य प्रदेशात एका सोळा वर्षांच्या मुलीने त्या भीतीने जीव दिला, अशी बातमी आली. ‘नासा’चे शास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिसन २०१२ च्या आधी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. त्यांनाही आत्महत्येचा विचार करणाऱ्या लहान मुलांची पत्रं येत होती.

कॅम्पिंगच्या तारखेची दुसरी बाजूही अमेरिकेबाहेर होती. व्हिएतनामच्या डोंगराळ दिएन बिएन प्रांतात मे २०११ मध्ये हमोंग समाजाचे हजारो लोक मुंग न्हे जिल्ह्यात जमले. या भाकिताचा निरोप रेडिओवरून त्यांच्यापर्यंत पोचला होता. सरकारने तो जमाव उधळला, धरपकड झाली. एकाच तारखेपायी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर रिकामे बूट मांडले जात होते आणि त्या डोंगरात गरीब माणसं घरदार सोडून वाट पाहत बसली होती. खुद्द कॅम्पिंग यांनी मार्च २०१२ मध्ये आपली चूक जाहीरपणे कबूल केली. तारीख सांगणं हेच पाप होतं असं म्हटलं. २०१३ मध्ये ते वारले. ज्यांनी घरं विकली त्यांना ती परत मिळाली नाहीत. म्हणून थट्टेचं टोक तारीख देणाऱ्याकडे असावं, तारखेने घाबरलेल्याकडे नको, हे माझं ठाम मत आहे.

समुद्रकाठच्या माणसांसाठी यात आणखी एक गुंता आहे. तारीख देऊन सांगितलेल्या गोष्टी आपल्याकडे खऱ्या होतात. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणांच्या तारखा आणि वेळा महिनोन्‌महिने आधी छापून येतात आणि त्या वेळी पाणी येतंच. भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीवर चालते आणि त्यांची गती गणिताने कितीही पुढची काढता येते. त्यामुळे ‘अमुक तारखेला समुद्र चढणार’ हे वाक्य किनाऱ्यावरच्या कानाला ओळखीचं लागतं. प्रलयाचं भाकीत हाच पेहराव घालून येतं.

फरक असा आहे. उधाणाची तारीख देता येते. वादळाचा अंदाज चार-पाच दिवस आधी देता येतो आणि तो दर काही तासांनी बदलतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, त्याआधी हवामान खात्याच्या पत्रकांत त्याचा मार्ग आणि वाऱ्याचा वेग सतत सुधारून येत होता. दिवेआगर, श्रीवर्धन, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, पण हजारो माणसं आधीच हलवली होती. भूकंपाची तारीख मात्र जगातलं कोणीही देऊ शकत नाही, आणि त्सुनामी बहुतेक वेळा समुद्राखालच्या भूकंपातून येते. म्हणजे त्सुनामीचा खरा इशारा भूकंप झाल्यानंतरच येऊ शकतो. १९४५ च्या नोव्हेंबरात मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला, त्याच्या लाटा मुंबईला पोचायला काही तास लागले आणि माणसं दगावली. आज असं झालं तर हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेतलं, २००७ पासून चालू असलेलं त्सुनामी केंद्र त्या काही तासांत इशारा देईल. आठवडाभर आधी, तारखेसकट आलेला त्सुनामीचा मेसेज न तपासताही खोटा समजावा.

सरकारचाही यात घोटाळा झालेला आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर चारच दिवसांनी, ३० तारखेला, एका खासगी अमेरिकन कंपनीच्या भाकितावरून केंद्रीय गृह खात्याने नव्या लाटांचा इशारा दिला. आधीच उद्ध्वस्त झालेले लोक पुन्हा किनारा सोडून पळाले. मग विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री कपिल सिब्बल यांनी ते भाकीत बिनबुडाचं असल्याचं सांगितलं.

म्हणून समुद्राच्या इशाऱ्याची नक्कल ही थट्टा म्हणूनही करू नये. रिकामे कपडे मांडले तर बघणाऱ्याला फार तर दचकायला होतं. बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागल्याचा खोटा फोटो टाकला तर कोणाचा तरी मुलगा त्या क्षणी होडीत असतो, आणि दोनदा खोटं निघालं की तिसऱ्यांदा लागलेल्या खऱ्या बावट्याकडे कोणी बघत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीचा खोटा इशारा पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपनेही २०१८ मध्ये भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. त्याने वेग कमी होतो, मेसेज थांबत नाही.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, एका जपानी चित्रकथाकार बाईंच्या जुन्या स्वप्नावरून ५ जुलैला महात्सुनामी येणार अशी हवा झाली. हाँगकाँगच्या विमान कंपन्यांनी जपानच्या काही फेऱ्या कमी केल्या, इतका परिणाम झाला. आमच्या गावच्या ग्रुपवरही ती तारीख आली. पोरांनी लगेच ‘६ जुलैपासून समुद्रकिनारी प्लॉट स्वस्त’ वगैरे सुरू केलं. त्या गडबडीत शेजारच्या काकींचा आवाजी मेसेज आला, ‘‘माझो झील जहाजार आसा, जपानाकडे. तेका फोन करून सांगू काय?’’ त्यावरही दोघांनी हसरे चेहरे टाकले.

मी काकींना फोन केला. भूकंपाची तारीख कोणाला कळत नाही हे सांगितलं, ते त्यांना फारसं पटलं नाही. मग म्हटलं, काकी, खोल समुद्रात त्सुनामीची लाट बहुतेक वेळा हात-दोन हात उंचीचीच असते, ती खाली पसरलेली असते आणि किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की उभी राहते. जहाज भर समुद्रात असेल तर त्यावरच्या माणसाला ती गेलेली कळणारही नाही. हे त्यांना एका क्षणात उमजलं. तुफानात होडी बंदरात आणायची आणि या लाटेत बाहेर न्यायची, असं त्याच मला म्हणाल्या. संध्याकाळी पोरांनी आपणहून त्यांची माफी मागितली आणि प्लॉटचे विनोद चालू ठेवले. त्याला माझी काही हरकत नव्हती, काकीही हसत होत्या.

त्यानंतर ग्रुपवर एक रीत पडली आहे. समुद्राचा, वादळाचा, पुराचा व्हिडिओ टाकायचा तर कुठला आणि कोणत्या वर्षाचा हे टाकणाऱ्याने लिहायचं. माहीत नसेल तर टाकायचा नाही. स्वतः केलेली गंमत असेल तर चित्रावरच, खालच्या मजकुरात नव्हे, मोठ्या अक्षरांत ‘गंमत’ असं लिहून आपलं नाव आणि तारीख घालायची, कारण मजकूर पुढे जाताना गळतो, चित्रावरची अक्षरं जात नाहीत. मागच्या शिमग्यात पोरांनी ‘प्रलयबाबा’चं सोंग काढलं, त्याच्या फोटोवर पालखीचा दिवस, वाडीचं नाव आणि बाबा झालेल्याचं नाव, तिन्ही होतं.